शेअर्ड होस्टिंग की डेडिकेटेड सर्व्हर? क्लायंटच्या २३ साइट्स दोन्हीकडे ठेवून बघितल्या

मी फोंड्यात बसून वेबसाइट्स करतो. होमस्टे, दोन हॉटेलं, काजूवाले, स्कूटर भाड्याने देणारे, एक देवस्थान, एक नाट्यमंडळ असे मिळून २३ क्लायंट आहेत आणि सगळ्यांचं होस्टिंग मीच बघतो. सहा वर्षं शेअर्ड (एकाच सर्व्हरवर अनेक गिऱ्हाइकं) वापरलं, मग दीड वर्ष डेडिकेटेड (अख्खा सर्व्हर आपल्या एकट्याचा), आणि आता आठ महिने तिसराच मार्ग धरलाय. नवीन काम सुरू केलेली मुलं सारखी विचारतात की सर कुठलं घेऊ, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. कंपन्यांची नावं घालत नाही, कारण मला जो त्रास झाला तो प्लॅनच्या जातीचा होता.

आधी शेअर्डची चांगली बाजू, कारण लोक त्याला उगाच नावं ठेवतात. देवस्थानची साइट आज परत शेअर्डवरच आहे आणि तिथून हलवायचा माझा विचार नाही. उत्सवांच्या तारखा, पूजेची माहिती, फोटो, बस. पान एकदा कॅशमध्ये गेलं की पीएचपी (पान दर वेळी नव्याने बनवणारा कोड) चालतच नाही, तयार फाइल उचलून दिली जाते, त्यामुळे जत्रेच्या दिवशी कितीही जणांनी उघडली तरी हूं की चूं नाही. सीपॅनेल (अकाउंट सांभाळायची स्क्रीन) मिळतं, एसएसएल (साइटचं https कुलूप) फुकट आणि आपोआप रिन्यू होतं, सर्व्हरचे अपडेट कंपनी करते. वर्षभर हात लावावा लागत नाही.

आता काणकोणच्या होमस्टेवाल्या काकींची गोष्ट. ३० डिसेंबरची संध्याकाळ, फोन आला, "साइट उगडना मरे!" बघतो तर ५०८, रिसोर्स लिमिट इज रीच्ड. माझ्या प्लॅनमध्ये एका अकाउंटला एका वेळी २० एंट्री प्रोसेस, म्हणजे एका क्षणी वीसच पीएचपी रिक्वेस्ट आत, एकविसाव्याला दार बंद. आता बुकिंगचं पान कॅश करता येत नाही, खोली रिकामी आहे का ते दर वेळी डेटाबेसला विचारावंच लागतं, आणि त्याला दोन सेकंद लागत असतील तर गणित सरळ आहे, वीस भागिले दोन, सेकंदाला दहाच रिक्वेस्ट. त्यात एकच माणूस तारखा बदलून बदलून बघतो, प्रत्येक क्लिक म्हणजे नवी रिक्वेस्ट. सपोर्टने वरचा प्लॅन घ्या एवढंच सांगितलं. काकींचा वर्षाचा धंदा त्या दहा-बारा दिवसांवर असतो हो, मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

शेअर्ड घेणाऱ्यांनी अजून तीन गोष्टी बघाव्यात. अनलिमिटेड म्हणतात ती फक्त जागा, फाइल्सच्या संख्येला म्हणजे आयनोडला मर्यादा असतेच, आणि मेलबॉक्समधली प्रत्येक मेल ही एक फाइल धरली जाते. नाट्यमंडळाचा मेलबॉक्स कोणी कधी साफच केला नव्हता, आयनोड संपले आणि वर्डप्रेसचे अपडेट होईनात, मी दोन दिवस प्लगिनला दोष देत बसलो होतो. दुसरं, आयपी (सर्व्हरचा इंटरनेटवरचा पत्ता) सगळ्यांचा एकच, शेजाऱ्याने स्पॅम पाठवला की तो आयपी ब्लॅकलिस्टमध्ये आणि तुमच्या हॉटेलच्या बुकिंग कन्फर्मेशनच्या मेल पाहुण्याच्या स्पॅममध्ये. तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, पैसे वाचवायला एकाच अकाउंटमध्ये अॅडऑन डोमेन (त्याच अकाउंटला जोडलेली आणखी एक साइट) करून दहा क्लायंट बसवू नका. आत सगळ्यांचा लिनक्स युजर एकच असतो, एका साइटचं जुनं प्लगिन हॅक झालं की कोड बाकीच्या नऊ फोल्डरमध्ये सहज पसरतो. माझ्याकडे स्कूटरवाल्याच्या साइटवरून काजूवाल्याकडे गेलेला, साफ करायला आठवडा गेला.

मग डेडिकेटेड. महिन्याला आठ हजार, वर १८ टक्के जीएसटी, मुंबईचं डेटा सेंटर. पहिल्या दिवशी साइट्स अशा उघडल्या की मी परत परत रिफ्रेश करून बघत होतो. आधीचा स्वस्त प्लॅन अमेरिकेतल्या सर्व्हरवर होता, नुसतं जाऊन यायलाच दोनशे मिलिसेकंदांच्या वर, त्यामुळे फरकाचा मोठा भाग हा अंतराचाच होता, डेडिकेटेडचा नव्हे, हे नंतर मोजल्यावर कळलं. लोड (प्रोसेसरवर एका वेळी सरासरी किती कामं आहेत तो आकडा) बघितला तर २३ साइट्स मिळून ०.३, सीझनमध्येही एकच्या वर क्वचित. म्हणजे मशीन बहुतेक वेळ रिकामं बसलेलं आणि बिल मात्र पूर्ण.

आणि काम किती वाढतं ते कोणी सांगत नाही. सर्व्हरवरच्या सेंटओएस ७ या लिनक्स सिस्टिमचा सपोर्ट ३० जून २०२४ ला संपला, तेव्हा सगळं अल्मालिनक्स या दुसऱ्या सिस्टिमवर हलवायचं मलाच. सीपॅनेलचं लायसन्स २०१९ पासून अकाउंटच्या संख्येवर आहे, तो खर्च वेगळा. फायरवॉल, मेल, बॅकअप, सगळं आपल्या अंगावर. पावसात इथे लाइट गेली की सर्व्हर मुंबईत सुरूच असतो, पण मोबाइलवरून एसएसएच करून (म्हणजे दुरून सर्व्हरमध्ये शिरून) अंधारात लॉग वाचणारा मी एकटाच. एकदा रेडमधली (एकच डेटा दोन डिस्कवर एकाच वेळी लिहायची सोय) एक डिस्क गेली, साइट्स बंद पडल्या नाहीत, तिथे पैसे वसूल झाले. पण दुसऱ्या वेळी एका हॉटेलवाल्याकडून फोटोंचं फोल्डर डिलीट झालं आणि आरशासारखं ते दुसऱ्या डिस्कवरूनही त्याच क्षणी गेलं. रेड म्हणजे बॅकअप नव्हे, हे मी त्या दिवशी शिकलो. बॅकअप त्याच मशीनवर ठेवू नका, दुसऱ्या कंपनीकडे ठेवा आणि महिन्यातून एकदा रिस्टोअर करून बघा.

आता साध्या १५ साइट्स शेअर्डवर आहेत, प्रत्येकाचं अकाउंट वेगळं. बुकिंगवाल्या आठ मुंबईतल्या मॅनेज्ड व्हीपीएसवर (मोठ्या सर्व्हरचा आपल्यासाठी राखून ठेवलेला भाग), चार कोर, आठ जीबी रॅम, अपडेट कंपनी करते. खर्च डेडिकेटेडच्या निम्म्याहून कमी आणि गेल्या डिसेंबरात काकींची साइट एकदाही अडली नाही. डेडिकेटेड मी आता फक्त अशाच क्लायंटला सांगेन ज्याचा डेटाबेस खरंच दिवसरात्र पळतोय आणि ज्याच्याकडे सर्व्हर सांभाळायला पगारी माणूस आहे, गोव्यात माझ्या ओळखीत असा एकच आहे.

पैसे भरण्याआधी सपोर्टला चॅटवर विचारा, एंट्री प्रोसेस किती, आयनोड किती, सर्व्हर कुठल्या शहरात, आणि दुसऱ्या वर्षी रिन्यूअल कितीला. पहिल्या वर्षाचा भाव बघून क्लायंटला कोटेशन देऊ नका, रिन्यूअल दुप्पट-तिप्पट येतं आणि तो फरक मग आपल्याच खिशातून जातो. आणि सर्व्हर बदलायचा तर पावसाळ्यात, चतुर्थीच्या आधी बदला. ऑक्टोबरपासून पाहुणे यायला लागले की डीएनएसला (साइटचं नाव कुठल्या सर्व्हरकडे जातं ती नोंद) हातसुद्धा लावू नका.