पायलट व्हायचंय, पण पदवी कुठली? एव्हिएशन की साधं फिजिक्स

लायसन्ससाठी पदवी लागत नाही, हे वाचणाऱ्याला माहीत असणारच. बारावीला फिजिक्स-मॅथ्स, मेडिकल म्हणजे वैद्यकीय तपासणी, डीजीसीएचे (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे) पेपर आणि उड्डाणाचे २०० तास, की सीपीएल, म्हणजे कमर्शियल पायलट लायसन्स. तरी घरोघरी प्रश्न येतोच, "पण पदवीचं काय?" रत्नागिरीजवळ पावसला आमच्या घरी तो रोज रात्री जेवताना निघायचा. बाबांचं म्हणणं, विमान मिळेल तेव्हा मिळेल, तोवर हातात एखादा कागद हवा. मला ते जुनाट वाटायचं. आता मीच पोरांना तेच सांगतो.

मी दोन्हीकडे डोकावून आलोय. बारावीनंतर घाटावरच्या एका खासगी कॉलेजात बी.एस्सी. एव्हिएशनचं एक वर्ष काढलं, ते सोडून रत्नागिरीला गोगटे-जोगळेकरला फिजिक्स घेऊन बी.एस्सी. केली आणि मग फ्लाइंगला गेलो. सध्या असिस्टंट इन्स्ट्रक्टर आहे, म्हणजे दोन्ही वाटांनी आलेली मुलं रोज शेजारच्या सीटवर बसतात. त्यामुळे जे सांगतो ते एवढ्याच अनुभवावरून.

एव्हिएशनच्या बाजूनं बोलायचं तर वेळ वाचतो, आणि ही साधी गोष्ट नाही. सगळं जुळून आलं तर एकविसाव्या वर्षी पदवी आणि लायसन्स दोन्ही हातात. एअरलाइनमध्ये ज्येष्ठता रुजू झालेल्या तारखेवरून धरतात. माझ्या त्या पहिल्या वर्गातले दोघं आज एअरबसच्या उजव्या सीटवर, म्हणजे को-पायलट आहेत आणि मी अजून शिकाऊंच्या छोट्या सेसनात. शिवाय तिथं संगत मिळते. हॉस्टेलवर सीनियर रात्री आरटी, म्हणजे रेडिओवर बोलायची ठरावीक भाषा, घोकून घ्यायचे, कोणी चुकलं की अख्खी खोली हसायची. गावात बसून ते वातावरण मिळत नाही.

मी सोडलं ते एका बारीकशा कटकटीपायी. एकच विषय दोनदा शिकायचा, दोन वेगळ्या तऱ्हांनी, आणि एकाचा दुसऱ्याला फायदा शून्य. विद्यापीठात नेव्हिगेशन सुटला म्हणून डीजीसीएचा नेव्हिगेशन माफ होत नाही. इथं ४० टक्क्यांना पास, तिथं ७० लागतात. इथं टिपा लिहायच्या, तिथं चार पर्यायांतला एक निवडायचा. मेटच्या, म्हणजे हवामानशास्त्राच्या पेपरात एकदा आलं होतं, लँड ब्रीझ आणि सी ब्रीझवर टीप लिहा. माझे आजोबा पहाटे मतलईवर शिडाची होडी बाहेर काढायचे आणि दुपारनंतर खाऱ्या वाऱ्यावर परत आणायचे. त्यांच्या नातवाला ही टीप लिहायला कसले कष्ट? पाच मार्कांसाठी दीड पान लिहिलं, किनाऱ्याची आकृती काढली, बाण दाखवले. त्याच पंधरवड्यात डीजीसीएचं सेशन होतं. फ्लाइट कॉम्प्युटर घेऊन वाऱ्याची गणितं सोडवायची ते दिवस टिपा पाठ करण्यात गेले. निकाल लागला तेव्हा विद्यापीठात नेव्हिगेशनला ए ग्रेड आणि डीजीसीएत ६४. नापास. बाबांना फोन केला तर म्हणाले, "विमान उडवायला शिकतोयस की निबंध लिहायला?"

कदाचित ते कॉलेजच तसं असेल. काही ठिकाणी वेळापत्रक डीजीसीएच्या परीक्षांशी जुळवून घेतात असं ऐकतो. तसं असेल तर माझी अर्धी तक्रार गळून पडते. प्रवेशाआधी तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना एवढं एकच विचारा.

फिजिक्सला कटकट नाही असं नाही. हजेरी आहे, प्रॅक्टिकल आहे, जर्नलवर सही मिळवण्यासाठी स्टाफरूमबाहेर ताटकळणं आहे. पण दोनदा एकच रवंथ नाही. उलट जे शिकलो ते भलत्याच ठिकाणी उपयोगी पडलं. सीआरओच्या, म्हणजे सिग्नलची लहर दाखवणाऱ्या यंत्राच्या हिरव्या पडद्यावर दोन सारख्या सिग्नलमधली फेज बदलत गेलं की तिरकी रेघ लंबगोल होते आणि ९० अंशांना चक्क गोल वर्तुळ. दुपारभर तो नॉब फिरवत बसलो होतो. पुढे व्हीओआर, म्हणजे विमानाला दिशा कळवणारं जमिनीवरचं रेडिओ केंद्र, वाचायला घेतला. ३० हर्ट्‌झचे दोन सिग्नल, एकाची फेज चहूकडे सारखी, दुसऱ्याची दिशेप्रमाणे बदलणारी, त्यांच्यातला फरक म्हणजे तुमचं रेडियल, त्या केंद्रापासून तुम्ही कुठल्या दिशेला आहात ते. हे मी एव्हिएशनच्या वर्गात पाठ केलं होतं, कळलं नव्हतं. आता ९० म्हटल्याबरोबर ते वर्तुळ डोळ्यासमोर आलं. दुसऱ्या खेपेला नेव्हिगेशनला ८१ पडले. श्रेय सगळं सीआरओला देत नाही, पण थोडं देतोच.

मग पैसा. सगळा खर्च धरून आज अर्ध्या कोटीच्या आसपास जातो, आणि आपल्याकडे घरात पैसा येतो तो हापूस गेल्यावर, एप्रिल-मेमध्ये. त्या खासगी कॉलेजचा दुसरा हप्ता जानेवारीत असायचा, म्हणजे नेमका फवारणी आणि राखणदारांवर पैसा जात असतो तेव्हा. रत्नागिरीत फीचं ओझं नव्हतं, एसटीचा पास काढला की झालं. तीन सीझन बाबांना साठवता आले, उरलेल्याचं कर्ज काढलं आणि बारामतीला गेलो तो तास सलग करूनच परतलो. पैशांअभावी फ्लाइंग मध्येच थांबलं की हात उतरतो, हे मी रोज बघतो. ज्यांच्या घरी पैसा तयार आहे त्यांना हा मुद्दा लागू नाही. त्यांनी खरं तर आधी सीपीएलच करावं.

विमान हुकलं तर काय, यात मात्र फरक पडतो. एएफकॅटला, म्हणजे हवाई दलाच्या प्रवेश परीक्षेला, दोन्ही पदव्या चालतात. ६० टक्के हवेत, आणि फ्लाइंग ब्रँचची २४ वर्षांची अट सीपीएल असेल तर २६ होते. एअरपोर्ट्स ऑथॉरिटीच्या एटीसी (हवाई वाहतूक नियंत्रक) भरतीला मात्र बी.एस्सी.त फिजिक्स आणि मॅथ्स लागतात, तेही पूर्णवेळ, नियमित पदवीत. एव्हिएशनच्या अभ्यासक्रमात हे दोन्ही विषय असतील तर उत्तमच. अभ्यासक्रमाची प्रत मागा आणि मार्कलिस्टवर विषयांची नावं काय छापतात ते बघा. मुक्त विद्यापीठातून घरबसल्या पदवी घ्यायचा विचार असेल तर याच अटीपाशी गाडी अडते. केवळ पदवीधर म्हणवण्यापुरती ती ठीक आहे. इंजिनिअरिंग ज्याला मनापासून आवडतं त्यानंच करावं. पायलटला जोडधंदा म्हणून चार वर्षं फार होतात.

आणि काहीही घेण्याआधी क्लास टू मेडिकल करा. त्या पहिल्या वर्गात माझ्या बाकावर बसणारा मुलगा आमच्यात सगळ्यात हुशार होता. कॉलेजनं प्रवेशाच्या वेळी मेडिकल मागितलं नाही, त्यानंही केलं नाही. दुसऱ्या वर्षी रंगीत ठिपक्यांतला आकडा ओळखायला सांगितला, तर त्याला तिथं आकडाच दिसेना. एटीसीलाही मेडिकल असतं, त्यामुळे ती वाटही बंद. पदवी त्यानं पुरी केली. आता एका विमानतळावर चेक-इन काउंटरवर असतो. मी दिसलो की न मागता खिडकी देतो.