लेखनिकाच्या महाकाव्याचा आरंभ: ओवी की शार्दूलविक्रीडित?

गावचे दप्तर लिहिणारा वतनदार कुलकर्णी नायक धरून महाकाव्य लिहायचे ठरले, की पहिल्याच पानावर वृत्ताशी गाठ पडते. मी आरंभ ओवीत आणि शार्दूलविक्रीडितात, दोन्हींत लिहून पाहिला. आमच्या बेळगावकडच्या खानापुरात दोन्ही चाली कानात असतातच. पारायणात ओवी, लग्नात शार्दूलविक्रीडितातली मंगलाष्टके.

शार्दूलविक्रीडिताला कमी लेखू नये. आरंभाला हवा तो भारदस्तपणा त्यात आयता मिळतो. शिवाय या विषयात गणेशवंदना नुसती रूढी राहत नाही. व्यासांचे महाभारत लिहून घेणारा गणपती लेखनिकांचा मूळपुरुषच. माझी ओळ अशी होती:

ज्याच्या लेखणिने न थांबत कधी व्यासोक्ति ती रेखिली

मोठ्याने म्हणून पाहा, बरी वाटते. 'लेखणी'तला णी ऱ्हस्व केला आहे, पण तेवढी सूट वृत्तात चालते.

देव संपून माणूस आला की मात्र पंचाईत होते. 'कुलकर्णी' म्हणजे लघु, लघु, गुरू, गुरू; लघु ते आखूड उच्चाराचे अक्षर, गुरू ते लांब उच्चाराचे. शार्दूलविक्रीडिताच्या ओळीतल्या १९ अक्षरांचे लघु-गुरू ठरलेले असतात, आणि त्यांत हा क्रम एकाच जागी सापडतो, १० ते १३. आणि यती येते १२ व्या अक्षरावर. म्हणजे 'कुलकर्' म्हणून थांबायचे, श्वास घ्यायचा, मग 'णी'. विभक्ती लावूनही सुटका नाही. कुलकर्ण्याने, कुलकर्ण्याला, सगळे तिथेच मोडतात. 'कुलकर्णि' असे ऱ्हस्व केले तर चौथ्या अक्षरापासून बसते, हे खरे. पण ज्याच्यासाठी एवढा खटाटोप, त्याचेच नाव पानोपानी मुरगाळायचे, हे मला सोसेना. दुसऱ्या कुणाला ही बाब किरकोळ वाटू शकेल. दरबारी चिटणिसावर लिहिणाऱ्याला तर ती आडवी येणारच नाही; 'चिटणीस' चौथ्या अक्षरापासून नीट बसतो.

ओवीत तीन चरण यमकाचे, चौथा आखूड, आणि नाव जसे बोलतो तसे येते:

कागदावरी रेघ ओढिली । दौतीमध्ये शाई कालविली ।
कुलकर्ण्याने मान लवविली । लिहावया ॥

मोडीत आधी आडवी रेघ ओढून घेतात आणि मग तिच्याखाली, बोरू होता होईल तो न उचलता, अक्षरे ओवत जातात. तो हात ओवीला मानवतो, असे मला तरी वाटते. लेखनिक ओवीला परकाही नाही. ज्ञानेश्वरीच्या शेवटी शके १२१२ सांगणाऱ्या ओवीतच सच्चिदानंदबाबा लेखक झाल्याचे येते. आपल्या बाजूला कन्नडही वाचतात, म्हणून सांगतो: कन्नडमध्ये महाभारत रचणाऱ्या गदगच्या कुमारव्यासानेही आपल्या देवाला, वीरनारायणाला, कवी म्हटले आणि स्वतःला लिपिकार. त्याचे सहा चरणांचे वृत्त, भामिनी षट्पदी, मात्र मराठीत आणायचे धाडस मला झाले नाही.

ओवी सैल पडते, हा आक्षेप रास्त आहे. यमक सुटले की तिचे गद्य व्हायला वेळ लागत नाही, तेव्हा पहिली पाने कुणाला तरी म्हणून दाखवावीत. पण पुढे गावांची नावे येणार, १९५० च्या कायद्याने गेलेली वतने येणार, १९५६ साली बेळगाव म्हैसूर राज्यात गेले तेही येणार. हे सगळे लघु-गुरूंच्या ठरीव गणात कोंबताना दमछाक होईल.

मंगलाचरणाचा एखादा श्लोक शार्दूलविक्रीडितात हवा असेल तर जरूर ठेवा, मीही ठेवला आहे. कुलकर्णी दप्तर उघडून बसला की तिथून ओवी धरावी, हे माझे मत.