दुसरा अल्बम: एकदम सोडायचा की एकेक गाणं?

पहिला अल्बम मित्र, कॉलेजवाले, घरचे सगळे कौतुकानं ऐकतात, दुसऱ्याला तसं काय नसतं भावा, तिथं गाणंच चाललं पाहिजे, म्हणून सांगलीत बसून बँड चालवायचा तर रिलीजचं आधीच ठरवलेलं बरं.

आठ गाणी एकदम सोडली तर क्रम आपल्या हातात राहतो, एक गाणं संपताना मिरजेच्या तानपुऱ्याचा सूर मागं रेंगाळतोय आणि त्यावरच पुढच्याचं गिटार चढतंय, असलं काही अल्बममध्येच जमतं. पण स्पॉटिफायच्या प्लेलिस्ट बनवणाऱ्या एडिटरना एका वेळी एकच गाणं पिच करता येतं (म्हणजे प्लेलिस्टमध्ये घ्या म्हणून पाठवता येतं), तेही रिलीजच्या निदान ७ दिवस आधी, बाकीची सात गाणी मग गणपतीच्या भरवशावर.

एकेक सोडलं की प्रत्येकाला पिचचा चान्स. स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकलं तरच स्ट्रीम धरतात आणि २०२४ पासून मागच्या १२ महिन्यांत १००० स्ट्रीम नसतील तर त्या रेकॉर्डिंगचे पैसेच मिळत नाहीत, त्यामुळं एकेका गाण्यामागं लागायला वेळ मिळतो हे लय महत्त्वाचं. कटकट पण तेवढीच, दरवेळी नवं कव्हर, नवी रील, आणि ड्रमर विश्रामबागेतनं यायला तास लावणार (तो वेगळाच विषय).

मी तर म्हणतो आधी तीन सिंगल, मग अल्बम. फक्त त्या तिन्हींची ऑडिओ फाईल आणि आयएसआरसी कोड (प्रत्येक रेकॉर्डिंगचा ओळख नंबर) तेच ठेवा, नाहीतर जमलेले स्ट्रीम अल्बमवर दिसत नाहीत. आणि मिक्सिंग सगळ्यांचं आधीच उरका, नायतर पहिलं सिंगल आणि शेवटचं गाणं दोन वेगळ्या बँडची वाटतात.