घराच्या कामातली धूळ आणि बारा इंची ब्लोअर : सात महिन्यांनंतर

नोव्हेंबरात घराचं काम काढलं. पुण्यातली १९८७ ची इमारत, तिसरा मजला, दोन बेडरूम. जुनी मोझॅक फरशी उखडायची, सगळं वायरिंग भिंतीच्या आतून घ्यायचं, संडास-बाथरूमच्या टाइल्स बदलायच्या आणि शेवटी ओटा व रंग. भाड्याचं घर घेऊन तिकडे राहणं आम्हाला झेपणार नव्हतं, म्हणून एकेक खोली रिकामी करून काम करायचं आणि उरलेल्या घरात राहायचं असं ठरलं. आईला दमा आहे. खोलीतली धूळ ओढून बाहेर टाकणारा मोठा पंखा घेण्यामागचं खरं कारण तेच.

पहिला आठवडा पंख्याशिवाय गेला. मागच्या बेडरूममध्ये वायरिंगसाठी कटरने झिरी मारायला सुरुवात झाली आणि अर्ध्या तासात हॉलमधल्या टीव्हीवर बोटाने नाव लिहिता येईल एवढा थर बसला. दाराला चादर लावली होती, खिडकीत टेबल फॅन बाहेर तोंड करून ठेवला होता. त्याचा काही उपयोग नाही. टेबल फॅन मधल्या भागातून हवा बाहेर फेकतो आणि ती त्याच्या कडेने खिडकीतून परत आत येते. तिसऱ्या रात्री आईला नेब्युलायझर लावावा लागला. दुसऱ्या दिवशी मी हार्डवेअरच्या दुकानांच्या बोहरी आळीत गेले.

घेतला तो बारा इंची, म्हणजे ३०० मिलिमीटरचा, पत्र्याच्या नळकांड्यातला पोर्टेबल ब्लोअर. वर धरायला मूठ, खाली पाय, दोन्ही तोंडांना जाळी. सोबत पाच मीटरचा पिवळा स्प्रिंगवाला डक्ट, म्हणजे हवा वाहून नेणारी लवचीक नळी. दोन्ही मिळून साडेनऊ हजार पडले. मोटर ५२० वॉटची, हवा मिनिटाला ६५ घनमीटर असं पाटीवर लिहिलेलं. घरी आणला तेव्हा फरशीवाले मिस्त्री म्हणाले, "मॅडम, हा तर गटारात उतरणाऱ्यांचा पंखा." बरोबर होतं. टाकीत, चेंबरमध्ये माणूस उतरायच्या आधी ताजी हवा सोडायला हाच वापरतात. मला तो उलट्या कामासाठी हवा होता.

आणि पहिल्याच दिवशी मी तो चुकीचा लावला. दारात ठेवून तोंड खोलीकडे केलं आणि खिडकी सताड उघडली. म्हटलं, जोराने हवा आत घातली की धूळ खिडकीतून निघून जाईल. थोडी गेली. पण खोलीत हवेचा दाब वाढला की ती फक्त खिडकीनेच बाहेर पडेल असं कोणी सांगितलं? दाराच्या फटीतून, वरच्या व्हेंटिलेटरमधून, मोकळ्या पडलेल्या वायरिंगच्या पाइपांतूनसुद्धा ती बाहेर आली. पाइपाचं दुसरं टोक हॉलच्या स्विचबोर्डात होतं. तिथून पिठासारखी पांढरी धूळ सांडताना पाहिली तेव्हा प्रकार लक्षात आला.

पंख्याने खोलीतली हवा ओढून बाहेर टाकायला हवी. म्हणजे खोलीत दाब कमी राहतो, प्रत्येक फटीतून हवा घरातून खोलीकडे जाते, आणि तिच्या उलट दिशेने धुळीला येता येत नाही. मग पद्धत बसली ती अशी. सरकत्या खिडकीच्या अर्ध्या भागात प्लायचा तुकडा बसवला, त्याला डक्टच्या मापाचं भोक पाडून पंख्याचा डक्ट त्यातून बाहेर काढला, कडेच्या फटी थर्माकोल आणि खाकी टेपने बंद केल्या. खिडकीचा उरलेला अर्धा भाग बंद. दाराला जाड प्लास्टिक, मधे चीर देऊन त्यावर दुसरा पडदा. पाइपांच्या तोंडात कागदाचे बोळे.

मी हौसेने दाराचं प्लास्टिक चारी बाजूंनी चिकटवलं तेव्हा ते शिडासारखं आत फुगलं आणि पंख्याचा आवाज बदलला. हवा आत यायलाच जागा नसेल तर बाहेर काय टाकणार? खालून चार बोटं फट ठेवली आणि घराच्या दुसऱ्या टोकाची, हॉलच्या गॅलरीची खिडकी उघडी ठेवली, तेव्हा सगळं सुरळीत झालं. रोज सकाळी काम सुरू व्हायच्या आधी मी दाराच्या फटीशी उदबत्ती धरायचे. धूर खोलीत ओढला गेला तर ठीक. एकदा तो जागच्या जागी घोटाळला, तेव्हा बाहेरचं डक्टचं तोंड मुरगळलेलं सापडलं.

हे बसल्यावर घरात फरक पडला का? पडला, आणि तो आईच्या छातीत दिसला. फरशी उखडायचे सहा दिवस ती समोरच्या खोलीत होती आणि त्या सहा दिवसांत नेब्युलायझर एकदाही लागला नाही. टीव्हीवर धूळ बसत होती, पण ती नेहमीची रस्त्याची. पावडरीसारखा पांढरा थर थांबला.

पंखा काम संपल्यावर किती वेळ चालू ठेवायचा, यावर मी बरंच डोकं घातलं. आमची खोली १२ बाय १० फूट, उंची साडेनऊ, म्हणजे साधारण ३२ घनमीटर हवा. पाटीवरचा आकडा खरा मानला तर खोली मिनिटाला दोनदा रिकामी व्हायला हवी. पण पाच मीटर डक्ट, त्याला दोन वळणं आणि जाळीवर बसलेली धूळ हे सगळं वजा करावं लागतं. मी एक तृतीयांश धरला, म्हणजे दीड मिनिटात एकदा. त्यातही मेख अशी की खोलीएवढी हवा एकदा बाहेर गेली म्हणजे सगळी धूळ गेली असं होत नाही, कारण नवी हवा जुनीत मिसळत असते. एका फेरीत साधारण ६३ टक्के जाते. ९९ टक्के जायला साडेचारच्या वर फेऱ्या लागतात. हिशेबाने सात-आठ मिनिटं झाली. मी अर्धा तास चालू ठेवायचे, कारण कोपऱ्यातली आणि माळ्याखालची हवा सहजी हलत नाही.

शिवाय डोळ्यांवर विसंबून चालत नाही. दुपारी तिरीप आली की तिच्यात नाचणारे कण दिसतात ते मोठे. दहा मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) दगडी कण स्थिर हवेत माणसाच्या उंचीवरून तीन-चार मिनिटांत खाली बसतो. एका मायक्रॉनच्या कणाला तेवढंच अंतर खाली यायला सुमारे पाच तास लागतात. संध्याकाळी सहाला काम थांबलं तर रात्री जेवून झोपायला जाईपर्यंत तो हवेतच असतो. फुप्फुसात खोलवर जाणारा कण हाच. पंख्याचं खरं काम या न दिसणाऱ्या धुळीसाठी आहे.

जमिनीवर बसलेली धूळ मात्र पंखा उचलत नाही. उलट तो चालू असताना कोरडा झाडू मारला तर बसलेली धूळ पुन्हा हवेत येते. राडारोडा पाणी शिंपडून घमेल्यात भरायचा, मग ओलं फडकं, असा नियम केला. मिस्त्रींबरोबरच्या मुलाला आधी ते वेळखाऊ वाटलं, पण दोन दिवसांनी तो स्वतःच पाण्याचा मग घेऊन शिंपडायला लागला.

आता मिस्त्रींबद्दल, कारण हे मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे. पंख्याने आमचं घर वाचवलं. कटर धरणाऱ्या माणसाला तो जवळजवळ वाचवत नाही. धुळीचा लोट निघतो तो थेट त्याच्या तोंडावर, पंख्यापर्यंत पोचायच्या आधी. मला वाटायचं, एवढा जोराचा पंखा आहे, सहा फुटांवरून ओढेल. नाही ओढत. हातभर अंतरावरची ज्योत आपण फुंकून विझवतो, पण श्वास आत ओढून विझवता येते का? फुंकलेला वारा लांब जातो, ओढलेला वारा तोंडाशीच संपतो. बारा इंची तोंडापासून एक फूट लांब गेलं की ओढ दहाव्या हिश्शावर येते. म्हणून पंखा खिडकीशी न ठेवता कटरपासून फूट-दीड फुटावर आणला आणि डक्ट लांबवून खिडकीपर्यंत नेला. त्याने लोट डोळ्यांदेखत वळायला लागला. पण पुरा नाही.

टाइलमध्ये, ग्रॅनाइटमध्ये, वाळूत आणि काँक्रीटमध्ये सिलिका नावाचं खनिज असतं. त्याची बारीक धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली की सिलिकोसिस हा फुप्फुसाचा रोग होतो आणि तो बरा करणारं औषध नाही. गुजरातेत खंभातला अकीकाचे दगड घासणारे, मध्य प्रदेशात मंदसौरला पाटीवरच्या पेन्सिली कापणारे, ज्या पेन्सिलींनी आपण लिहायला शिकलो, त्यांतले कितीतरी कामगार याच रोगाने गेले. आमचे मिस्त्री वीस वर्षं टाइल कापत आहेत, तोंडाला रुमाल बांधून. रुमालातून हे कण सरळ आत जातात. मी एन-९५ मास्कचा खोका आणला. पहिल्या दिवशी दहा मिनिटांत मास्क गळ्यात आला. गुदमरतं, घाम येतो म्हणाले, आणि बंद खोलीत ते खरंच होतं. पंखा जवळ आल्यावर अंगावर वारा राहिला आणि मास्क तासभर टिकायला लागला. या पंख्याचा हा गुण मला कुठल्याच दुकानदाराने सांगितला नव्हता.

तरी खरा फरक पाण्याने पडला. बाटलीच्या बुचाला भोक पाडून मुलगा पात्यावर बारीक धार सोडायचा. टाइल ओली कापली की धूळ चिखल होऊन खाली पडते. तेव्हा पंखा मागे, उंच प्लास्टिकच्या स्टुलावर. पाणी आणि विजेचा पंखा जवळ असेल तर अर्थिंग तपासलेलं असलंच पाहिजे आणि लाइनवर आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच लाइन तोडणारा स्विच, हवाच. आमच्या जुन्या बोर्डात तो नव्हता, आधी बसवून घेतला. भिंतीत झिरी मारताना मात्र पाणी वापरणं जमलं नाही, तिथे मास्क आणि जवळ आणलेला पंखा एवढंच हाताशी होतं.

ओट्यासाठी ठेकेदाराने कारखान्यात बनवलेला क्वार्ट्झचा दगड सुचवला होता. त्यात ९० टक्क्यांच्या वर सिलिका असू शकते, आणि कापणाऱ्यांना होणाऱ्या सिलिकोसिसमुळे ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून त्या दगडावर बंदीच घातली. मी नको म्हटलं. ग्रॅनाइट घेतला आणि तो खाली अंगणात पाणी सोडून कापला. ग्रॅनाइटमध्येही सिलिका आहे, पण बरीच कमी.

शेजाऱ्यांच्या बाबतीत माझ्या हातून एक चूक झाली. बाथरूमच्या टाइल्स फोडताना डक्टचं तोंड इमारतीच्या शाफ्टमध्ये सोडलं, कारण खिडकी तिकडेच उघडते. त्या शाफ्टमध्ये सगळ्यांच्या बाथरूमच्या खिडक्या आहेत. वरच्या आजींच्या धुतलेल्या कपड्यांवर आणि देवाच्या भांड्यांवर सिमेंट बसलं. आजी काही बोलल्या नाहीत, त्याचंच जास्त लागलं. मी जाऊन माफी मागितली आणि कपडे धुऊन दिले. मग दोन डक्ट जोडून पॅसेजमधून गॅलरीपर्यंत नेले आणि बाहेरच्या तोंडासमोर ओलं गोणपाट पडद्यासारखं टांगलं, तोंडापासून दीड फूट लांब. तोंडालाच बांधलं तर हवा अडते. गोणपाट दर तासाला ओलं करावं लागतं आणि संध्याकाळी ते दगडासारखं जड होतं. दुपारी दोन ते चार सोसायटीत आवाज बंद, तेव्हा पंखाही बंद. आवाज खरंच मोठा आहे. त्याच खोलीत बोलायचं तर ओरडावं लागतं. खाली जुनं पायपुसणं घातल्यावर खालच्या मजल्यावर जाणारी थरथर कमी झाली.

दोन ठिकाणी तो अजिबात लावू नका. एक, थिनरचं किंवा पॉलिशचं काम चालू असताना. या साध्या पंख्याच्या स्विचमधली किंवा मोटरमधली ठिणगी त्या वाफेला पेटवायला पुरेशी आहे. त्या दिवशी आम्ही खिडक्या उघडून आईला मामाकडे पाठवलं. दुसरं, घरात गॅसचा गीझर चालू असताना. पंखा घरातली हवा ओढतो तेव्हा गीझरचा जळका वायू बाहेर जायच्या ऐवजी घरात ओढला जाऊ शकतो, आणि त्यातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. अंघोळी पंखा सुरू व्हायच्या आधी उरकायच्या हे मी दाराला चिठ्ठी लावून ठेवलं होतं.

टिकाऊपणाचं म्हणाल तर पत्रा आणि मोटर चांगली. डक्ट मात्र दोन महिन्यांत वळणावर फाटला, आतली तार बाहेर आली. टेपने महिनाभर चालवला, मग नवा घेतला. पुट्टी घासायच्या काळात पात्यांवर थर बसून पंखा थडथडायला लागला. ती धूळ कोरड्या रंगाच्या ब्रशने रोज झाडावी लागते, प्लग काढून. ओलं फडकं लावलं तर पुट्टी पात्यावर घट्ट बसते, मी ते एकदा केलं आणि नंतर सुरीने खरवडत बसले. मार्चमध्ये पंखा नुसताच गुणगुणला, फिरेना. मोटर वाइंडिंगवाल्याने कपॅसिटर बदलून दिला, अर्ध्या तासाचं काम. स्विचमध्येही धूळ जाते, त्यावर पारदर्शक पिशवी बांधून टाकली आहे. विजेचं फार नाही, दिवसाला सहा तास चालला तर तीन युनिटच्या आसपास.

एकाच खोलीचं आठवड्याचं काम असेल तर विकत घेऊ नका, असे पंखे भाड्याने मिळतात. आमच्यासारखं राहत्या घरात महिनोन्‌महिने चालणार असेल तर घ्या, आणि पैसे मोजायच्या आधी डक्ट तोंडावर चढवून पट्टा नीट आवळतो का ते दुकानातच बघा. आमचा पहिला पट्टा सैल होता आणि निम्मी हवा तिथूनच खोलीत परत यायची, हे कळायला चार दिवस गेले.

रंग मे महिन्यात संपला. आता जुलै. पंखा खालच्या मजल्यावर गेला आहे, त्यांच्या स्वयंपाकघराचं काम सुरू झालं आहे. प्लायचा तुकडा, उरलेले मास्क आणि उदबत्तीचा पुडाही सोबत दिला. मिस्त्री तेच आहेत. काल जिन्यात भेटले तेव्हा मास्क गळ्यात होता. मी काही म्हणायच्या आत त्यांनी तो वर ओढला आणि म्हणाले, "आत्ताच चहाला काढला होता."