सोसायटीतलं चार्जिंग: टायमर की लोडवाटप?

समजा, सोसायटीत दहा इलेक्ट्रिक गाड्या आहेत आणि प्रत्येकीचा चार्जर ७.४ किलोवॉटचा. स्वस्त दराची वेळ बघून ज्याने त्याने टायमर लावणं सोपं, जवळजवळ फुकट. पण दहाही चार्जर एकाच ठोक्याला सुरू झाले, की ७४ किलोवॉटचा भार ट्रान्सफॉर्मरवर येतो. संध्याकाळची गर्दी नुसती मध्यरात्री सरकते.

लोडवाटपात नियंत्रक इमारतीचा एकूण भार मोजत राहतो आणि उरलेली वीज गाड्यांना वाटतो. ३० किलोवॉटच मिळाले, तरी आठ तासांत २४० युनिट, म्हणजे गाडीमागे २४. रोजच्या ऑफिसच्या फेऱ्यांना भरपूर! खर्च जास्त आहे खरा, आणि पहाटे लांब निघणाऱ्याने आधी सांगायला हवं.

दोन-तीन गाड्यांना टायमर पुरे. त्यापुढे मी लोडवाटपाचाच आग्रह धरेन, तोही वायरिंग करण्याआधी.