घरी बांधलेल्या विमानाची चाके आणि ब्रेक : सोलापुरातील एका लेथ-कार्यशाळेचे काम

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत यंत्रमागांचे सुटे भाग दुरुस्त करणारी एक लहान लेथ-कार्यशाळा आहे. आम्ही काही मित्र मिळून बांधत असलेल्या दोन आसनी विमानाची मुख्य चाके आणि ब्रेक तिथे दुरुस्त करून घेतले. विमानाचे काम पूर्वी कधीही न केलेल्या तिथल्या कारागिरांनी ते ज्या काटेकोरपणे केले, त्याची दखल घ्यायलाच हवी.

जमिनीवर चालवताना ब्रेक दाबला की विमान डावीकडे ओढले जाई, म्हणजे उजवा ब्रेक कमी लागत होता. अशा वेळी बहुतेक जण आधी उजव्या ब्रेकच्या तेलाच्या नळीतली हवा काढायला बसतात. इथल्या मुख्य कारागिरांनी मात्र प्रथम उजवा कॅलिपर, म्हणजे ब्रेकचा पकड घेणारा भाग, हाताने सरकवून पाहिला. कॅलिपर आपल्या दोन पिनांवर मोकळेपणी सरकला, तरच चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कच्या (तबकडीच्या) दोन्ही बाजूंची लायनिंग, म्हणजे घर्षणाच्या पट्ट्या, सारख्या जोराने दाबली जातात. पिनांवरच्या ग्रीसमध्ये धूळ साचून तो अडकला होता आणि त्यामुळे एकच लायनिंग झिजत होते. पिना घासून, पुसून त्यांनी ग्रीसऐवजी कोरडे वंगण सुचवले, जे सोलापूरच्या धुळीत मला अगदी योग्य वाटते. लायनिंगची जाडीही मोजली. क्लीव्हलँड या कंपनीच्या विमान-ब्रेकच्या प्रचलित संचांत ती २.५४ मिलिमीटरपर्यंत आली की लायनिंग बदलावे लागते. डिस्क किती डगमगते ते डायल गेजवर तपासून, ती मर्यादेत आहे असे दिसल्यावर "उगाच कातली तर जाडी जाईल, साहेब," म्हणून त्यांनी ती लेथवर चढवलीच नाही. पैसे मिळत असतानाही काम नाकारणारा कारागीर मला मोलाचा वाटतो.

चाक दोन भाग बोल्टांनी जोडून केलेले असते. टायरमध्ये हवा असताना ते बोल्ट सोडले तर दोन्ही भाग स्फोटासारखे उडून जीव जाऊ शकतो. व्हॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण गेल्याची खात्री होईपर्यंत इथे कोणी पान्याला हात लावला नाही, आणि जोडताना टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानेच बोल्ट आवळणारा पाना) वापरला.

उणीव आहे ती तेलाची. कार्यशाळेत मोटारीचेच ब्रेक ऑइल असते, आणि ते ग्लायकॉलचे तेल विमानाच्या ब्रेकमधील नायट्राइल रबराच्या ओ-रिंगा (तेल गळू न देणाऱ्या गोल कड्या) फुगवून निकामी करते. म्हणून ५६०६ प्रकारचे लाल खनिज तेल आणि ओ-रिंगा आपणच न्याव्यात, आणि तेल भरताना स्वतः उभे राहावे. ते कॅलिपरच्या तळातून वर, टाकीकडे ढकलत भरायला सांगावे, म्हणजे हवेचे बुडबुडे आपसूक वर निघून जातात आणि पेडल स्पंजासारखे दबत नाही.

नवी लायनिंग बसवून देण्यापर्यंतच त्यांचे काम आहे. ती डिस्कवर रुळवण्यासाठीचे टॅक्सी-चालन, म्हणजे विमान जमिनीवर चालवणे, उत्पादकाच्या सूचनांप्रमाणे आपल्यालाच करावे लागते.