डार्कटेबल: गोव्याच्या रानातल्या लहान पक्ष्यांच्या फोटोंसाठी

तांबडी सुर्ला किंवा बोंडल्याच्या दाट झाडीत सकाळी उशिरापर्यंत उजेड कमीच असतो. सुभग, फुलटोच्या, वटवट्या क्षणभर स्थिर बसत नाहीत, म्हणून शटर वेगवान ठेवावं लागतं आणि आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) ३२०० ते ६४०० वर जातो. पक्षी चिमणीहून लहान असल्याने पुढे फ्रेमही बरीच कापावी लागते, मग नॉईज, म्हणजे फोटोतले दाणेदार ठिपके, जास्तच उठून दिसतो. अशा रॉ फायलींसाठी (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेल्या मूळ फायली) डार्कटेबल हे मोफत सॉफ्टवेअर भरवशाचं आहे. हे परीक्षण ५.० आवृत्तीचं आहे.

सुरुवात डीमोझेकपासून करा; सेन्सरच्या कच्च्या नोंदीतून पूर्ण रंग तयार करणारं हे मॉड्यूल, म्हणजे सॉफ्टवेअरमधलं एक साधन. बेयर सेन्सरच्या (बहुतेक कॅमेऱ्यांत असतो तो) नॉईजी फायलींना तिथला एलएमएमएसई पर्याय चांगला. मग नॉईज कमी करणारं डीनॉईज प्रोफाइल्ड. हे मॉड्यूल तुमच्या कॅमेऱ्याचा त्या आयएसओचा मोजलेला नॉईज धरून चालतं, त्यामुळे अंदाजाने स्लायडर ओढत बसावं लागत नाही. आधी त्यातला ‘वेव्हलेट्स क्रोमा ओन्ली’ हा प्रीसेट (तयार सेटिंग) लावा. रंगाचे ठिपके जातात आणि पिसांचा पोत राहतो. मॉड्यूलची दुसरी प्रत काढून ती मात्र फक्त पार्श्वभूमीवर लावा: पक्ष्याभोवती ब्रशने मास्क (बदल कुठे लागू करायचा ती निवड) काढायचा, तो उलटा करायचा, कडा थोडी फेदर, म्हणजे मऊ, करायची. मास्कमधला डिटेल्स थ्रेशोल्ड ऋण बाजूला नेला, तर सपाट भागच निवडला जातो आणि बारीक फांद्या वाचतात.

इतकी काळजी घ्यायचं कारण साधं आहे. पर्ण वटवट्यांची ओळख पंखावरची फिकट पट्टी आणि भुवई यांवर ठरते. सगळ्या फोटोवर एकच जोरदार डीनॉईज फिरवला, की नेमकी हीच खूण पुसली जाते. फोटो गुळगुळीत दिसतो, पण पक्षी कोणता ते सांगता येत नाही. हे नुकसान मला सगळ्यात जास्त खटकतं. आयएसओ १२८०० च्या फायलीत पैसे देऊन मिळणारी एआय साधनं स्पष्टपणे पुढे आहेत, हे मान्य. पण तीही कधीकधी मूळ फायलीत नसलेली पिसं रेखाटतात.

पानांतून गाळून आलेल्या उजेडात पिवळा पक्षी हिरवट दिसतो. इथे उजेडाची रंगछटा सुधारणारं व्हाइट बॅलन्स मॉड्यूल ‘कॅमेरा रेफरन्स’ या पर्यायावरच राहू द्या आणि दुरुस्ती कलर कॅलिब्रेशनमध्ये करा. पक्षी बसलाय त्याच उजेडातली राखाडी साल पिकरने निवडली की बहुतेक वेळा काम होतं. दोन्हीकडे बदल केला तर दुरुस्ती दोनदा होते आणि रंग बिघडतो. मॉड्यूल तसा इशाराही देतं, तो वाचा.

गोव्याचा राज्यपक्षी, म्हणजे काळ्या डोक्याचा, पिवळ्या अंगाचा, लाल गळ्याचा बुलबुल, इथे खरी परीक्षा घेतो. गळ्याचा लाल रंग लगेच सपाट डाग होतो. एक्स्पोजर वाढवण्याआधी रॉ ओव्हरएक्स्पोज्ड सूचक (अति उजेडाने तपशील गेलेली जागा दाखवणारा) चालू करून लाल चॅनल, म्हणजे लाल रंगाची नोंद, तपासा. रॉमध्ये तो शाबूत असेल, तर गॅमट चेक (दाखवता न येणारे रंग ओळखणारी तपासणी) लावून, गळ्यापुरता मास्क काढून सॅच्युरेशन उतरवा. स्वर्गीय नर्तकाच्या पांढऱ्या नराला हीच सावधगिरी हवी, फक्त तिथे तिन्ही चॅनल बघायचे.

सावलीतला चेहरा टोन इक्वलायझर मॉड्यूलने अर्धा ते एक स्टॉप उजळता येतो (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). मास्किंग टॅबमधल्या दोन्ही जादूच्या कांड्या दाबायला विसरलात, तर मास्कचा हिस्टोग्राम (उजेडाच्या वाटणीचा आलेख) एका कोपऱ्यात दाटून राहतो आणि स्लायडर नीट चालत नाहीत.

शार्पनिंगला डिफ्यूज ऑर शार्पनमधला ‘लेन्स डीब्लर मीडियम’, तोही डोळा, चोच आणि चेहरा एवढ्यावरच, ओपॅसिटी (परिणामाचा जोर) ५० ते ६० टक्के. पार्श्वभूमीवर लावलात तर उरलासुरला नॉईज किड्यांसारखा वळवळतो. हे मॉड्यूल जड आहे. ओपनसीएल (जड गणितं ग्राफिक्स कार्डाकडून करवून घेणारी व्यवस्था) चालणारं ग्राफिक्स कार्ड नसेल, तर बाकीचं काम होईपर्यंत ते बंद ठेवा.

शिकायला मात्र वेळ लागतो, मॉड्यूलांची संख्या पहिल्यांदा बघणाऱ्याला गोंधळात टाकते. मोबाइलवर झटपट काम करणाऱ्यांनी याच्या वाटेला जाऊ नये.

ऑनलाइन टाकण्यासाठी लांब बाजू २०४८ पिक्सेल, एसआरजीबी (वेबवर चालणारी रंगपद्धत), जेपेग क्वालिटी ९२ पुरेशी. केलेले बदल रॉशेजारच्या एक्सएमपी नावाच्या छोट्या फायलीत राहतात. रॉ दुसऱ्या डिस्कवर हलवताना तीही सोबत न्या.